लोणारचे गुलाबी पाणी

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी अचानक गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव बळावले व त्यांच्याच रंगद्रव्याने सरोवर रंगले, असे दिसून आले. मला सर्वांत भावली ती त्यातली एक साधी नोंद. नमुना काही काळ न हलवता ठेवला, तर गुलाबी जीव तळाशी बसत आणि वरचे पाणी नितळ होई. म्हणजे रंग मुळात पाण्याचा नव्हताच. उल्कापाताने बेसाल्टमध्ये कोरल्या गेलेल्या या विवराला आणखी चमत्कार चिकटवण्याची हौस कशाला, कोण जाणे! पुढे पावसाने क्षारता उतरली आणि ती छटाही ओसरली.