डीकन-वही: तीन ‘ई’ आणि मधली रिकामी जागा

मंडळी, चार महिने काही लिहिलं नाही. मधे घरात एक लग्न झालं, उजव्या तर्जनीला फोड आला आणि ‘द मिलियनेअर वॉल्ट्झ’ हे गाणं हातात घेतलं. लग्न पार पडलं, फोड बसला, वॉल्ट्झ अजून मानगुटीवर आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या जॉन डीकननं स्वतः लिहिलेली गाणी अल्बमच्या क्रमानं बेस गिटारवर बसवायची, असा माझा रिकामटेकडा उद्योग चालू आहे. मधेमधे दुसऱ्यांनी लिहिलेली, पण बेससाठी ऐकावीत अशी गाणीही घेतो. वॉल्ट्झ हे त्यातलंच, ते बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं. कुणी विचारलं की काय वाजवतोस, मी क्वीन म्हणतो आणि लगेच उत्तर येतं, “म्हणजे आपला पाचगणीचा तो!” हो, फ्रेडी पाचगणीला सेंट पीटर्समध्ये होता, तिथं ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, सगळं खरं. पण माझा माणूस त्याच्या बाजूला उभा राहून चार तारा वाजवणारा. त्याचं नाव सांगितलं की समोरचा “बरं बरं” म्हणून चहाकडे वळतो.

क्रमानं जाण्याचा फायदा आता कुठं कळायला लागलाय. डीकन १९७१ च्या सुरुवातीला क्वीनमध्ये आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चौघांत धाकटा, लेस्टरजवळच्या ओडबीत वाढलेला, लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा. पहिल्या दोन अल्बमांवर त्याचं एकही गाणं नाही. १९७३ च्या पहिल्या अल्बमवर तर नावही उलटं छापलंय, ‘डीकन जॉन’. तिसऱ्या अल्बमवर, १९७४ साली, ‘मिसफायर’ येतं आणि दोन मिनिटांच्या आत संपतं. मला ते दोन संध्याकाळींत बसलं. वाटलं, हा क्रम म्हणजे अगदी सरळ चढण असणार.

पुढच्याच वर्षी ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’. बायकोसाठी, व्हेरोनिकासाठी लिहिलेलं. त्यात वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोही डीकनचाच, कारण फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडायचं नाही. त्यानं हात लावला नाही, म्हणून यानं ते घरी नेऊन शिकून घेतलं. इंग्लंडात गाणं सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. बेसवाल्यानं पियानोच्या पट्ट्यांशी बसून लिहिलेलं गाणं आहे हे वाजवताना जाणवतं. बेस मूळ सुराला चिकटून राहत नाही, गाण्याच्या चालीखाली दुसरी चाल गुणगुणत जातो. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे सूर बरोबर होते आणि ऐकायला मात्र ते टाइपरायटरसारखं येत होतं. सूर जितका वेळ धरायचा तितका मी धरतच नव्हतो, पुढच्या जागी जायची घाई. आता जरा माणसात आलंय.

१९७७ चं ‘स्प्रेड युवर विंग्ज’ पटकन झालं. १९७८ च्या ‘जॅझ’ अल्बमवरची त्याची दोन्ही गाणी वाजवली, मन लागलं नाही, पुढे गेलो. आवडीनिवडी असतात.

मग १९८०, आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. इथं माझे सहा आठवडे गेले. हसू नका. हे गाणं बेस हातात घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात येतं, मलाही यायचं. म्हणजे सूर यायचे.

एकदा नीट बघू. खालच्या ‘ई’ तारेवर पाचवा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी), तिसरा फ्रेट, मग मोकळी तार. झपकन खाली उतरायचं आणि समेवर ‘ई’. दुसऱ्या मात्रेला ‘ई’, तिसऱ्या मात्रेला ‘ई’. मग काही नाही. मग ती छोटी धाव, ‘जी’ला शिवून ‘ए’वर. खरी गोम अशी की ते तिन्ही ‘ई’ मोकळ्या तारेचे आहेत. मोकळी तार छेडून सोडली की ती आपली गुणगुणत राहते, आणि डीकनच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ‘ई’च्या मधे चक्क शांतता आहे. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर तार कुणीतरी गप्प करायला हवी. डाव्या हाताची बोटं नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. दाबली की भलताच सूर निघतो, उशिरा टेकवली की शेपटी राहते, नेमक्या जागी टेकवली तर ‘टक्’ असा कोरडा ठोका येतो. मी आजवर उजवा हात घोटत होतो, या गाण्याचा अर्धा रियाज डाव्या हाताचा निघाला.

गाण्याची लय मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास. मी मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, ७० वर लावून सुरुवात केली आणि अवघड तेच झालं, कारण लय संथ केली की रिकामी जागा लांब होते आणि ती सांभाळताना घाम फुटतो. तबला शिकलेल्या मित्रानं ऐकून एवढंच म्हटलं, “खाली खातोयस.” म्हणजे रिकामी मात्रा गिळतोयस. तेव्हापासून न वाजवलेल्या मात्रेवर पायाचा अंगठा आपटतो. ९५ पर्यंत आलं, मग १०४, आणि गेल्या रविवारी रेकॉर्डिंगबरोबर शेवटपर्यंत वाजवलं. तीनदा शेपटी राहिली, तिन्ही वेळा शेवटच्या कडव्यात, बोटं दमल्यावर.

यामागे ‘शिक’ (Chic) या डिस्को बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस आहे हे उघड आहे, त्यांचं ‘गुड टाइम्स’ लागोपाठ ऐकलं की पटतं. क्वीनमधल्या दोघा-तिघांचा जीव भारी गिटारवाल्या रॉकमध्ये, याचा मात्र नाचाच्या संगीतात. म्युनिकच्या स्टुडिओत ऱ्हिदम गिटारही त्यानंच वाजवली. हे गाणं सिंगल म्हणून काढा असं मायकल जॅक्सननं सुचवलं, आणि अमेरिकेत ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ज्यानं क्वीनच्या एकाही गाण्यात मुख्य गायन केलं नाही, त्याचं हे गाणं.

आता दुसरा उद्योग. ‘डीसी अँप’ (Deacy), म्हणजे डीकननं घरी बनवलेला अँप्लिफायर, त्याची गोष्ट इथं बहुतेकांना माहीत आहे. डीकनला लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटाऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. त्यानं तो घरी नेऊन एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी लावली. बटण नाही, आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. तो बोर्ड एका पोर्टेबल रेडिओचा होता हे पुष्कळ नंतर उलगडलं. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे यानं हे खोकं उचललं आणि ‘गुड कंपनी’ या गाण्यात त्यातून गिटारवर अख्खा जुना जॅझ बँड उभा केला. तिथली तुतारी, क्लॅरिनेट, सगळी गिटार आहे.

आमच्या माळ्यावर आजोबांचा बंद ट्रान्झिस्टर होता. उघडला तर आत एसी१२८ या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची जोडी, दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. मी हुरळलो. बॅटरीची ऋण बाजू जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) जोडली, जशी आयुष्यभर जोडत आलोय, आणि चालू केलं. खरखर झाली, मग तीही नाही. एसी१२८ पीएनपी जातीचा, म्हणजे उलट्या ध्रुवांवर चालणारा, या जुन्या रेडिओंमध्ये जमीन धन बाजूला असते. एक ट्रान्झिस्टर बोट लावता येणार नाही इतका तापला होता. दुसरी जोडी मिळवून सुलट जोडणी केली. गिटारचा सूर आता त्यातून नाकात बोलल्यासारखा येतो, थोडा फाटका, थोडा गोड. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “रेडिओ लागला का रे?” बेस त्यातून वाजवू नका, नुसता भुगा येतो.

यादीत पुढे १९८२ चं ‘बॅक चॅट’, मग १९८४ चं ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’. त्याच्या व्हिडिओतली काळ्या टोपीतली खत्रूड आजी म्हणजे डीकनच, बघितलं नसेल तर बघा. शेवटी १९८६ चं ‘वन इयर ऑफ लव्ह’. १९८९ पासून क्वीननं सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली, त्यामुळे कुठल्या गाण्यात डीकनचा वाटा किती हे ठरवता येत नाही आणि माझा क्रम तिथंच थांबतो. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. डीकन १९९७ च्या जानेवारीत पॅरिसला क्वीनबरोबर शेवटचं मंचावर वाजवून गेला, त्याच वर्षी एक गाणं रेकॉर्ड केलं आणि मग घरी बसला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान घ्यायलाही आला नाही.

वॉल्ट्झची सुरुवात, म्हणजे नुसता पियानो आणि बेस, आज मेट्रोनोमच्या ८४ वर अडखळत जाते. मधल्या उड्यांना करंगळी पोचत नाही. कुणी वेगळी बोटं लावत असेल तर सांगा.