जिन्याच्या खोलीची सावली

औसा तालुक्यातल्या एका गावात चौदा सौर दिवे आहेत. तक्रार एकाच खांबाची होती : दिवाळीनंतर दिवा रात्री अकरालाच विझतो. दोन हिवाळ्यांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. "बॅटरीच खराब निघाली की हो," म्हणत सरपंचांनी तिसरी मागितली.

12 वॅटचा एलईडी, 75 वॅटचं पॅनल, 12.8 व्होल्ट 30 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी. तेरा तासांच्या रात्रीला सुमारे 156 वॅट-अवर लागतात आणि भरलेल्या बॅटरीत 384 असतात. नवी बॅटरी भरून लावली की चार-पाच दिवस दिवा पहाटेपर्यंत चालतो आणि दुरुस्ती झाली असं सगळ्यांना वाटतं.

सकाळी साडेअकराला शिडी लावली. पॅनलची वायर सुटी करून मोजलं तर 20 व्होल्ट. आधीचे मेकॅनिक इथेच फसले. सावलीतलं पॅनलसुद्धा सुटं मोजलं की जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवतं. मीटर पॅनल आणि बॅटरीच्या मधे, सिरीजमध्ये लावून करंट मोजावा लागतो. चार अँपिअरच्या जागी अर्धा अँपिअर मिळाला.

दक्षिणेच्या दुमजली घरावर जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. सावली पॅनलच्या खालच्या पाव भागावरच होती. पण 36 सेल एकाच माळेत असतात. अर्ध्या माळेला एक बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा देऊन करंट पुढे नेणारा), म्हणजे सावलीतला अर्धा भाग वगळला तर उरलेल्या अर्ध्यातून नऊ-दहा व्होल्टच मिळतात. त्यात 13 व्होल्टची बॅटरी भरत नाही. पाव पॅनल झाकलं आणि चार्जिंग जवळजवळ बंद! दहा ते दोन, नेमकं कडक उन्हाच्या वेळी.

दिवे बसवले एप्रिलमध्ये. तेव्हा ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं, सावली घराच्या पायाशीच राहते. डिसेंबरात औशाला भर दुपारी सूर्य जेमतेम 48 अंशांवर असतो. जागा ठरवताना हे बघायला हवं होतं. उन्हाळ्यात खांब गाडून बिल काढणाऱ्याला ते दिसलं नाही.

खांब हलवायला नवा पाया लागला असता. घरमालक काकांनी जिन्याच्या खोलीवर जागा दिली. पॅनल तिथे, टाकीच्या दक्षिणेला, दक्षिणेकडे तोंड करून 18 अंशांवर बसवलं. नऊ मीटर वायर, 4 चौरस मिलिमीटर तांब्याची. त्यात एका व्होल्टचा तिसरा हिस्साच वाया जातो. दीड चौरस मिलिमीटरची ओढली असती तर तो जवळजवळ एक व्होल्ट झाला असता. करंट 3.8 अँपिअर आला. बोअरच्या पाण्याने पुसून काचेवर क्षारांचा पांढरा थर बसला होता, तोही काढला. पॅनल पहाटे, काच गार असताना, साध्या गोड्या पाण्याने पुसावं.

जुन्या दोन्ही बॅटऱ्या पंचायतीच्या खोलीत पडून होत्या. टर्मिनलवर शून्य व्होल्ट, म्हणून 'मेल्या' ठरलेल्या. पण लिथियम बॅटरी फार उतरली की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, स्वतःच पुरवठा तोडतं, आणि बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय दिव्याचा कंट्रोलर चार्जिंग सुरू करत नाही. खोकं उघडून सेल वेगवेगळे मोजले. एका बॅटरीचे चारही अडीच व्होल्टच्या वर होते. ती 14.6 व्होल्टच्या लिथियम चार्जरवर लावली, बीएमएस जागं झालं, आणि त्याच 12 वॅटच्या दिव्यावर ती सलग 29 तास चालली. दुसरीचे दोन सेल दोन व्होल्टच्याही खाली गेले होते. असे सेल पुन्हा भरणं धोक्याचं, म्हणून तिला हात लावला नाही. पहिल्याच तक्रारीला करंट मोजला असता तर दोन्ही वाचल्या असत्या.

निघताना बाकीचे तेरा खांब पाहिले. शाळेजवळच्या खांबाच्या दक्षिणेला एका घरावर दुसऱ्या मजल्याच्या कॉलमचे गज उभे राहिलेत. सरपंचांना तिथे नेऊन दाखवलं.