पाच मिलिमीटरचा फरक

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. यंत्रमागांच्या सांगाड्यांची दुरुस्ती आणि टॉवेल कारखान्यांसाठी ट्रॉल्या हे आमचे रोजचे काम. पूर्व भागातील एका कारखान्यात मेंटेनन्स पाहणारे अण्णा आमचे जुने गिऱ्हाईक. घरामागच्या शेडमध्ये दोन आसनी स्पोर्ट्स कार बांधायची आहे आणि तिचे वेल्डिंग तुम्हीच करायचे, असे ते एके दिवशी म्हणाले, तेव्हा मी आधी आराखडा पाहायला मागितला. प्रत्येक नळीची लांबी आणि प्रत्येक सांध्याचा कोन त्यांनी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवला होता, आणि ती वही पाहूनच मी होकार दिला.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची गाडी आणली. सुट्या भागांचा संच विकत घेऊन लोक ती घरी जोडत असत. पुढे १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तशी गाडी आजही बनते. लांब नाक, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ओढ आणि जेमतेम ५०० किलोंच्या घरातले वजन, अशी तिची घडण. अण्णांनी तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवला होता. इंजिन मात्र भंगारात निघालेल्या मारुती ओम्नीचे घेतले, तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. मारुती ८०० चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीचे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते, म्हणून ही निवड मला अगदी योग्य वाटली.

गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या नमुन्याच्या वाहनाची पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. घरी बांधलेली गाडी नुसती आरटीओत नेऊन एमएच-१३ ची पाटी मिळत नाही. मेहुण्यांच्या शेतातल्या सपाट पट्टीवर चालवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

सांगाड्यासाठी २५ मिलिमीटरची चौकोनी नळी आणली, जाडी १.६ मिलिमीटर. चौकोन रेटला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून प्रत्येक खणात एक कर्णनळी घालायची होती. सगळे सांधे आधी नुसते टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके देऊन, उभे केले, तेव्हा तळाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मिलिमीटरभरही इकडेतिकडे नव्हते. मग मी चूक केली. एप्रिलचे ऊन, वर पत्र्याची शेड, अकरानंतर तिथे उभे राहणे अवघड. म्हणून सकाळच्या गारव्यात तळाच्या सगळ्या कर्णनळ्यांचे सांधे मी सीओटू वेल्डिंग मशीनने एका दमात, एकामागून एक पूर्ण भरून टाकले. आडवीतिडवी उडी घेत, मध्ये थांबत भरायला हवे होते, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी टेप लावला आणि काही न बोलता तो माझ्या हातात दिला. दोन कर्णांत पाच मिलिमीटरचा फरक पडला होता. चौकट सपाट टेबलावर ठेवली तर एक कोपरा उचललेला होता, आणि त्याखाली दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक सहज सरकली.

वेल्डिंगचा सांधा तापतो तेव्हा तेवढा भाग पसरू पाहतो, पण भोवतीची थंड नळी त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दाबला जातो. निवताना मात्र तो आकसतो आणि दोन्ही बाजूंना ओढून घेतो. प्रत्येक कर्णनळीने आपापला कोपरा असाच आत ओढला होता.

अण्णा म्हणाले, “मिस्त्री, पुढच्या ब्रॅकेटची भोकं थोडी लांबट केली तर बोल्ट बसतील की.” मी ठामपणे नाही म्हटले. मागाच्या फ्रेमला आम्ही कधी कधी तसे करतो, कारण माग एका जागी उभा असतो. गाडीत मात्र या ब्रॅकेटांवर पुढची चाके बसतात. तिथे तसे केले, तर एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा पुढे राहणार, आणि ब्रेक दाबला की बोल्ट लांबट भोकात सरकणार. साखळी आणि जॅक लावून चौकट ओढून सरळ करता आली असती, पण धातूतला ताण आतच राहिला असता.

मग कर्णनळ्या कापायच्या ठरल्या. चार इंची ग्राइंडरला पातळ चकती लावून मी पहिली नळी कापू लागलो. शेवटची भिंत सुटली आणि ‘टक्’ असा आवाज झाला. चकतीने केलेली दीड मिलिमीटरची फट आमच्या डोळ्यांदेखत तीन मिलिमीटर झाली. ताणलेली दोरी सुटावी तशी ती नळी सुटली होती. मी मशीन बंद केले. अण्णा खाली वाकून बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिले, मग त्यांनी तिच्यात नख घालून पाहिले. तीस वर्षांच्या कामात धातूमधला ताण इतक्या स्पष्टपणे मी पहिल्यांदाच पाहत होतो. उरलेल्या नळ्या कापेपर्यंत कर्णांतला फरक एक मिलिमीटरवर आला.

नव्या नळ्या कापून, घासून बसवायला दोन दिवस गेले. या वेळी चौकट टेबलाला क्लॅम्पने आवळली आणि अण्णांनी वहीत सांध्यांचा क्रम लिहिला: डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, डावा मागचा. एक सांधा भरला की नळीला हात लावता येईपर्यंत थांबायचे. त्या वेळात वहिनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक आणून देत. अण्णा मात्र जेवतानाही टेप जवळच ठेवत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लॅम्प सोडले. कोपऱ्याखाली एकही नाणे सरकले नाही, आणि कर्ण एका मिलिमीटरच्या आत होते. अण्णांनी पुढचे ब्रॅकेट जागेवर धरले. मी हातोडी उचलायला वळलो, तोवर त्यांनी बोल्ट नुसत्या अंगठ्याने दाबून आरपार घातलाही होता.