आधी हुआ हिन, मग बँकॉक: वर्ध्याकडून निघणाऱ्या सहा जणांच्या घरासाठी

एजंट थायलंडचा जो कार्यक्रम हातात देतो त्यात बहुधा आधी बँकॉक असतं आणि समुद्र शेवटी. आजी-आजोबा आणि दोन पोरं सोबत असतील तर हा क्रम उलटा करा. कारण साधं आहे. कोलकात्याहून रात्री उशिरा सुटणारं विमान पहाटे बँकॉकला उतरतं आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी २ वाजता. मधले सात-आठ तास म्हाताऱ्या माणसांनी लॉबीतल्या खुर्चीत काढायचे, की समुद्रकाठच्या हुआ हिनच्या बसमध्ये झोपून? सुवर्णभूमी विमानतळाच्या पहिल्या मजल्यावरून हुआ हिनला थेट बस आहे. भाडं माणशी सव्वातीनशे बातच्या (थाई चलन) आसपास, वेळ साधारण चार तास. उतरेपर्यंत खोलीची वेळ होत आलेली असते आणि झोपही झालेली असते. मग तिथे ३ रात्री, रेल्वेने बँकॉकला येऊन ३ रात्री, आणि शहरातूनच परत विमानतळ.

कागदपत्रांपासून धरू, कारण गावाकडच्या लोकांची गाडी इथेच अडते. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या टीसीवर माहेरचं, असा घोळ घरोघरी असतो. पासपोर्ट काढण्याआधी तो मिटवा आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवर जसं नाव आहे अक्षरशः तसंच काढा. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी हवी असा) शिक्का येतो, आणि ज्या देशांसाठी तो लागू आहे त्यांत थायलंड आहे. आयकर भरणाऱ्याला यातून सूट मिळते, पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे वीस एकरवाला शेतकरीसुद्धा ईसीआरमध्ये सापडतो. फिरायला जाताना वेगळी परवानगी लागत नाही, मात्र इमिग्रेशनच्या खिडकीवर प्रश्न होतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलची बुकिंग छापून हातात ठेवा. मोबाईलमधलं पीडीएफ शोधत उभं राहू नका. पन्नाशी उलटलेल्यांना हा शिक्का लागत नाही, अर्ज करतानाच तसा रकाना भरा.

भारतीय पासपोर्टला १५ जुलै २०२४ पासून व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत मिळाली. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. १ मे २०२५ पासून टीडीएसी हे डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत, तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचं वेगळं. ते फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानं बरीच आहेत. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच' असतं.

नागपूरहून बँकॉकला जायला कुठेतरी विमान बदलावंच लागतं. सहा तिकिटांत पैसे वाचवायचे तर रेल्वेने हावडा आणि तिथून विमान हा मार्ग बरा. गीतांजली बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया सगळीकडे थांबते आणि नागपूरहून हावड्याला साधारण अठरा तास घेते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; विमान त्याच्याही आधी घेतलं असेल तर साठाव्या दिवशी सकाळी ८ वाजता मोबाईल घेऊन बसा. गाडी आणि विमान ही दोन वेगळी तिकिटं आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. गाडी आठ तास उशिरा पोहोचली तर विमान कंपनी एक पैसा परत देणार नाही. त्यामुळे मध्ये किमान बारा तास, धुक्याच्या दिवसांत अख्खा एक दिवस ठेवा. हावडा स्टेशनवरून आता मेट्रोने विमानतळ गाठता येतो: हावडा ते एस्प्लनेड, तिथून नोआपाडा, आणि पुढे पिवळ्या मार्गिकेने जय हिंद स्टेशन. दोन वेळा गाडी बदलावी लागते, म्हणून सहा मोठ्या बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा.

बॅगेत काय? जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, तिखट शंकरपाळे, सगळं कोरडं आणि घट्ट बंद. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत अडकते, मोठ्या बॅगेत फुटते, राहू द्या. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी मोठ्या बॅगेत चालत नाही. खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून ते काढून ठेवायला लावतात. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. आणि खर्रा घरी ठेवून या. तिथे थुंकायला दंड आहे, आणि पन्नी उघडून घोटत बसलेल्या माणसाकडे लोक जसे पाहतात तो दंड वेगळाच. ई-सिगारेटवर बंदी आहे, हुआ हिनच्या किनाऱ्यावर साधी सिगारेटही चालत नाही.

रुपये नेऊन तिथे बदलू नका, भाव पडतो. १०० डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा घ्या. लहान किंवा फाटक्या नोटेला कमी भाव देतात. आगमन कक्षातले काउंटर सोडून विमानतळाच्या तळमजल्याखाली, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनापाशी जा, तिथे भाव चांगला मिळतो. एक बात म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. भारतीय कार्डाने एटीएममधून काढलं तर दर वेळी दोनशेवर बात नुसतं शुल्क जातं, म्हणून चिल्लर-चिल्लर काढू नका.

आता हुआ हिन. हे थायलंडमधलं जुनं समुद्रगाव. १९११ मध्ये रेल्वे आली, मग राजघराणं येऊ लागलं. लाकडी लाल-पांढरं जुनं स्टेशन नव्या उंच स्टेशनाशेजारी अजून जपून ठेवलं आहे. पट्टायाचा गोंगाट इथे नाही, म्हणून घरच्यांसाठी हे बरं. गावात फिरायला हिरव्या रंगाची सोंगथाव असते: पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाकडी, म्हणजे आपली काळीपिवळीच, फक्त टपावर कुणी बसत नाही. फेत्कासेम रस्त्यावरून ती खाओ ताकिआबच्या टेकडीपर्यंत जाते, भाडं पंधरा-वीस बात, उतरायचं तिथे बटण दाबायचं. त्या टेकडीवर माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की झालं.

हॉटेल घेताना 'बीचफ्रंट' या शब्दावर जाऊ नका. भरतीला बऱ्याच हॉटेलांसमोरची वाळू पूर्ण बुडते आणि पाणी भिंतीला लागतं. आदल्या रात्री भरती-ओहोटीची वेळ मोबाईलवर पाहा आणि ओहोटी असेल त्या सकाळी पोरांना न्या. सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतर. मधलं ऊन पाण्यात जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ सोलून निघते.

विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्र वेगळा पडतो. विहिरीत काठावरून सूर मारायची सवय असते. इथे किनाऱ्याला पाणी कमरेइतकंच असतं आणि खाली कडक वाळू, त्यात मानेला मार बसतो. म्हणून चालत आत जा, पाणी छातीच्या वर जाऊ देऊ नका, लाल झेंडा असेल तर पायही घालू नका. साडी किंवा दुपट्टा लाटेत पायाला गुंडाळतो आणि बाई जागेवर आडवी होते. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सोयीचा. हॉटेलच्या तलावात मात्र सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचेच लागतात. ते अमरावती-नागपुरात घेऊन ठेवा. जेलीफिशचा चटका बसला तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका. व्हिनेगर ओता आणि हॉटेलवाल्याला सांगा. भाड्याची जेटस्की किंवा दुचाकी घेताना पासपोर्ट गहाण ठेवायला सांगतील. ठेवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर हुआ हिनला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पाऊस जास्त असतो, आणि आपल्याकडे तेव्हा कापसाचे वेचे सुरू असतात. हवा सगळ्यात चांगली जानेवारी-फेब्रुवारीत. शाळेची अडचण असेल तर एप्रिल अखेर किंवा मे. फक्त १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान (थाई नववर्षाचा सण) टाळा, गाड्या भरलेल्या असतात.

मे महिन्यात जाणाऱ्यांना वाटतं, आपण चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे, आपल्याला उन्हाचं काय. पण ४५ अंशाला आपल्याकडे घाम येतो न येतो तोच उडतो आणि अंग थंड राहतं. बँकॉकच्या ३५ अंशाला हवेत इतकी वाफ असते की घाम अंगावरच राहतो, आणि घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. अकरा वाजता चालताना आजोबांना भोवळ येते ती यामुळे. दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारी खोली किंवा मॉल. ओआरएसची पाकिटं खिशात. उलट मेट्रोत आणि मॉलमध्ये इतकं थंड असतं की आजीला शाल लागते.

शहरात हॉटेल फाया थाई किंवा राचाथेवीच्या बाजूला घ्या. फाया थाईला एअरपोर्ट रेल लिंक संपते (पूर्ण प्रवासाला माणशी ४५ बात, अर्ध्या तासाहून कमी) आणि तिथेच बीटीएस (उंचावरून धावणारी शहरातली मेट्रो) मिळते. टॅक्सीचं मीटर ३५ बातपासून सुरू होतं, विमानतळावरून ५० बात वर आणि टोल वेगळा. पण साध्या टॅक्सीत चौघंच बसतात, म्हणजे सहा जणांना दोन टॅक्स्या. मीटर लावायला नकार दिला तर दार बंद करून पुढची पाहा.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीट बंद. परदेशी माणसाला ५०० बात, १२० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलाला फुकट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर एखादा सभ्य माणूस सांगेल, आज बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक वीस बातमध्ये. तो शेवटी रत्नांच्या दुकानात नेतो. त्याच्याशी बोलूच नका, थेट दारापर्यंत चाला. आतल्या वाट फ्रा केवमधली (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ) पाचूच्या रंगाची बुद्धमूर्ती फक्त ६६ सेंमी आहे आणि उंचावर आहे. वंदनेसाठी जाणाऱ्यांनी मागच्या बाजूला शांत बसावं, पाय मूर्तीकडे करू नयेत, आत फोटो नाही. दीक्षाभूमीवर वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, पोरांना मात्र आधी सांगून ठेवा. पायी दहा मिनिटांवर वाट फो, तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. समोरच्या था तिएन धक्क्यावरून ५ बातच्या नावेने पलीकडे वाट अरुण. एका सकाळी तिन्ही होतात, पण म्हातारी माणसं असतील तर दोनच करा. परतताना सनाम चाई मेट्रो स्टेशन जवळ आहे.

शाकाहारी माणसाने 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा: पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर असलेली गाडी दिसली की तिथे मांस, मासे, अंडी काही नाही. बाकी ठिकाणी भाजीतही माशाचं पाणी पडतं, आणि 'व्हेज' म्हटलं तर ते काढत नाहीत. 'माय साय नाम प्ला' म्हणा. वरण-भाताची आठवण आली तर साम योट मेट्रोजवळ पाहुरात या भारतीय वस्तीच्या भागात जा. तिथल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो.

मुलांसाठी पैसे न लागणारी जागा म्हणजे लुम्फिनी बाग. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी मजेत फिरतात. त्यांना खायला टाकू नका. संध्याकाळी ६ वाजता राष्ट्रगीत लागतं, पळणारेसुद्धा थांबतात, तुम्हीही थांबा.

अडचण आली तर पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. परतीच्या दिवशी बारा वाजता खोली सोडावी लागते, विमान रात्री. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवून चिठ्ठी घ्या, आणि एअरपोर्ट रेल लिंकला पाच वाजता निघा. सहानंतर कार्यालयं सुटतात आणि बॅगा घेऊन डब्यात शिरता येत नाही.