एकोणतीस विरुद्ध चार

बॉस्टनच्या फेनवे पार्कवर ८ जून १९५० रोजी रेड सॉक्सने सेंट लुईस ब्राउन्सला २९-४ असं धुतलं. बेसबॉलमध्ये चार-पाच धावा निघाल्या की दिवस बरा गेला म्हणायचं. तिथे २९ हा आकडा छपाईची चूक वाटावा असा. त्यात आदल्याच दिवशी याच मैदानावर याच पाहुण्यांविरुद्ध रेड सॉक्सने २० काढल्या होत्या. दोन दिवसांत ४९.

अटीतटीच्या सामन्यापेक्षा अशा सामन्याचं स्कोअरकार्ड वाचायला जास्त मजा येते. सामना नऊ इनिंगचा, आणि पहिल्या इनिंगमध्ये चक्क शून्य. मग ८, ५, ७, २, पुन्हा शून्य, २ आणि ५. नवव्या रकान्यात फुली, कारण यजमान नंतर बॅटिंग करतात आणि आधीच पुढे असतील तर नवव्या खेपेला उतरतच नाहीत. म्हणजे हा सगळा गोंधळ आठ इनिंगमधला, आणि त्यातल्याही दोन कोरड्या!

क्रिकेटवर वाढलेल्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हे थांबवलं का नाही कोणी? थांबवणार कसं? इथे डाव घोषित करायची सोय नाही आणि षटकंही संपत नाहीत. तीन आउट झाले तरच इनिंग संपते, आणि ते आउट मार खाणाऱ्यांनीच मिळवायचे. चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर, गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्याला म्हणतात वॉक. वॉकने तिन्ही बेस भरले की आणखी एक वॉक म्हणजे फुकटची धाव, म्हणून पिचरला चेंडू मधोमध टाकावाच लागतो, आणि बॅटर नेमकी त्याचीच वाट बघत असतो. बरं, बदललेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही आणि उद्याही सामना असतोच. म्हणून हरलेल्या सामन्यात चांगले हात कोणी खर्च करत नाही. जो उभा आहे त्याने सोसायचं. ब्राउन्सची अवस्था कळायला एकच नोंद पुरे आहे: रेड सॉक्सचा पिचर चक स्टॉब्ज, म्हणजे बॅटिंगमध्ये ज्याची कोणाला भीती नाही असा गडी, त्यालाही त्यांनी चार वॉक दिले.

ब्राउन्सची आशा खरं तर आभाळावर होती. पाच इनिंग व्हायच्या आत पावसाने खेळ बंद पडला तर सामना धरतच नसत. चौथ्या इनिंगअखेर रेड सॉक्सच्या २० धावा झाल्या होत्या. तेव्हा धो धो कोसळला असता तर सगळ्या वाहून गेल्या असत्या.

चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला की तो होम रन, आणि त्यावर बॅटरसकट बेसवरचे सगळे धाव पुरी करतात. बॉबी डोरने तीन होम रन मारून आठ धावा आणल्या, वॉल्ट ड्रोपोने दोन मारून सात, टेड विल्यम्सने दोन मारून पाच. २९ पैकी २० या तिघांच्या. फेनवेची डावीकडची ३७ फूट उंच भिंत जवळ असल्याने बॅटरला धार्जिणी असते खरी, पण विल्यम्स डावखुरा, त्याचे फटके जायचे उजवीकडे. माझा लाडका आकडा मात्र सलामीच्या क्लाइड व्होल्मरचा. आठ इनिंगमध्ये तो आठ वेळा बॅटिंगला आला. नऊ बॅटरांची यादी इतकी फिरत होती की बिचाऱ्याला नीट बसायलाही मिळालं नसेल.

एवढं करून मिळालं काय, तर एक विजय. १-० ने जिंकलं तरी तेवढाच मिळतो. त्या मोसमात रेड सॉक्सने हजारावर धावा काढल्या, ९४ सामने जिंकले आणि यांकीजच्या चार सामने मागे राहून तिसरे आले. जादाच्या पंचवीस-तीस धावा पुढच्या आठवड्यासाठी साठवता आल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती.

ब्राउन्स १९५४ मध्ये बाल्टिमोरला गेले आणि ओरिओल्स झाले. गाव बदललं, नाव बदललं, पत्रिका तीच. २२ ऑगस्ट २००७ रोजी टेक्सास रेंजर्सने त्यांना त्यांच्याच घरी ३०-३ असं हरवलं, तेही तीन इनिंगनंतर ०-३ असे मागे असताना. शेवटच्या तीन इनिंग वेस लिटलटनने टाकल्या. जिंकणाऱ्यांच्या पिचरने शेवटच्या सलग तीन इनिंग नीट टाकल्या की आघाडी कितीही असो, ‘सेव्ह’ त्याच्या नावावर पडते, म्हणजे त्याने सामना वाचवला असं धरतात. लिटलटनलाही ती मिळाली, २७ धावांनी जिंकलेला सामना वाचवल्याबद्दल.