तुम्ही विचारलेत म्हणून: उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला पाणी पाजावे का?

मार्च संपत आला, की अकोल्यात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: "ताई, एवढं ऊन तापलंय, बाळाला दोन चमचे पाणी पाजू का?" नवजात शिशू कक्षात परिचारिका म्हणून सव्वीस वर्षे काम केल्यामुळे लोक मला हे फोनवर विचारतात, लग्नमंडपात विचारतात, भाजी घेतानाही विचारतात. उभ्या उभ्या "नको" एवढेच सांगून भागत नाही, कारण विचारणाऱ्या आजीचा जीव खरोखरच तुटत असतो. कोरड्या ओठांचे बाळ रडताना पाहून पाण्याशिवाय दुसरे काही सुचणार तरी कसे? म्हणून आज सविस्तर लिहिते.

पाणी पाजू नये. सहा महिने पूर्ण होईपर्यंत एक चमचाही नाही, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतसुद्धा नाही. आईच्या दुधातले शंभरातले सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते आणि बाळ पिऊ लागते तेव्हा प्रथम येणारे दूध अधिक पातळ, तहान भागवणारे असते. उन्हाळ्यात बाळ थोडे थोडे पण वारंवार पिते, ते त्यामुळेच. "माझे दूध त्याला पुरत नाही" असा अर्थ आईने लगेच काढू नये. आठवड्याच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम ४५ ते ६० मिलिलिटर मावते. तिथे पाणी गेले, की तेवढे दूध कमी जाते, छाती नीट रिकामी होत नाही आणि दूध तयार होण्याचे प्रमाणही हळूहळू घटते. शिवाय तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे अजून पक्की झालेली नसल्यामुळे जास्तीचे पाणी त्यांना झटपट बाहेर टाकता येत नाही; रक्तातले सोडियम पातळ होते आणि बाळाला झटके येऊ शकतात. आमच्याकडे नळाला दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येते आणि ते साठवून वापरावे लागते, त्यामुळे जुलाबाची भीती वेगळीच. पावडरचे दूध घेणाऱ्या बाळालाही ते डब्यावरील मापानेच तयार करून द्यावे. ऊन आहे म्हणून ते पातळ करू नये.

हे मी पुस्तकातून शिकले असले, तरी त्याची खरी जाणीव मला माझ्या मोठ्या मुलाने करून दिली. १९९६ च्या मे महिन्यात तो माहेरी, पत्र्याच्या खोलीत, माझ्या कुशीत होता. माझे नर्सिंगचे शिक्षण झाले होते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे बोलायचे धाडस नव्हते. दूध उतरायला उशीर झाला, म्हणून त्याला बोंडल्याने साखरेचे पाणी दिले जात होते. वारा लागू नये म्हणून कानटोपडे, झबले आणि दोन दुपट्यांत तो घट्ट गुंडाळलेला होता. खिडकी बंद होती. चौथ्या दिवशी त्याचे अंग चटका बसावा इतके तापले. सकाळपासून एकही लंगोट ओला झाला नव्हता आणि आदल्या रात्रीच्या लंगोटावर विटेच्या रंगाचा डाग होता. सगळे शांत झोपला आहे म्हणत होते, पण तो झोपलेला नव्हता, गळून गेलेला होता. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम असलेले वजन २ किलो ५२० ग्रॅमवर आले होते. पहिल्या काही दिवसांत थोडे वजन उतरतेच, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेले, की काळजी करायला हवी, आणि आम्ही तेरा टक्क्यांवर पोहोचलो होतो. दवाखान्यात त्याचे सगळे कपडे काढले, माझे दूध पिळून वाटी-चमच्याने पाजले आणि दोन दिवसांत तो सावरला. तो आज धडधाकट आहे, तरी त्या दुपारची आठवण आली, की माझा हात अजूनही नकळत जवळच्या कुठल्याही बाळाच्या पोटाकडे जातो.

त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा लंगोटावर अधिक विश्वास ठेवते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, बाळ जागे होऊन जोमाने पीत असेल आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत येत असेल, तर बाहेर ४५ अंश असले तरी त्याला पाणी पुरते आहे. विटकरी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसू शकतो. त्यानंतरही दिसत राहिला, तर दूध कमी पोहोचते आहे. सतत डायपर वापरणाऱ्या घरात हे मोजणे अवघड जाते, म्हणून निदान पहिले पंधरा दिवस दिवसा सुती लंगोट बांधावेत.

पाणी पाजायचेच असेल, तर ते बाळंतिणीला पाजा. हे मी कळवळून सांगते, कारण अजूनही पुष्कळ घरांत पोट सुटेल किंवा बाळाला सर्दी होईल म्हणून तिचे पाणी मोजून दिले जाते आणि ताक तर बंदच केले जाते. तिने बळजबरीने लोटेच्या लोटे प्यावे असे नाही, पण पाजायला बसताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या असावा आणि तहान लागेल तेव्हा तिला कोणी अडवू नये. ताकाने किंवा पन्ह्याने बाळाला सर्दी होत नाही.

आता खोलीविषयी. नवजात बाळाला आपल्यासारखा घाम येत नाही, आणि दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्याला तर जवळजवळ येतच नाही. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे भोवतालची हवा तापली, की तेही भराभर तापते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. त्या उन्हाळ्याचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वरच्या मजल्यावर असलेला बाळंतिणींचा व बाळांचा कक्ष तळमजल्यावर हलवल्यावर उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या नवजात बाळांचे प्रमाण घटल्याचे दिसले. रुग्णालयाला जे लागू पडते ते घरालाही लागू पडते: स्लॅबखालची किंवा पत्र्याची खोली सोडून बाळंतिणीची बाज घरातल्या सर्वांत गार खोलीत टाकावी, मग ती पाहुण्यांची असली तरी चालेल. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. झोत बाळावर येऊ देऊ नये. एसी २६ अंशांच्या आसपास पुरे. पाळण्यावर किंवा झोळीवर जाड कापड टाकून सावली करू नये, कारण आतली हवा कोंडून तापते.

अंगात एक पातळ सुती झबले पुरते, आणि घरात टोपडे नको, कारण डोके उघडे असले, की उष्णता तिथून निघून जाते. मात्र कमी वजनाच्या बाळाचे कपडे आपल्या मनाने कमी करू नयेत. एसीत अशी बाळे मे महिन्यातही गार पडतात. पोट आणि तळपाय दोन्ही हाताने पाहावेत: दोन्ही कोमट असतील तर ठीक, पोट कोमट आणि पाय थंड असतील तर बाळाला गारवा लागतो आहे, दोन्ही तापलेले असतील तर ते उकडले आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना कोमट पाणी वापरायला आदराने पण ठामपणे सांगावे. बंद खोलीत शेगडी आणि धुरी तर कोणत्याच ऋतूत नको, कारण निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. घामोळ्यांवर पावडर टाकू नये, ती श्वासात जाते.

काखेतले तापमान ३७.५ अंशांच्या वर गेले, तर कपडे सैल करून, गार खोलीत नेऊन, दूध पाजून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही उतरले नाही, किंवा ३८ अंश झाले, किंवा बाळ ओढत नसेल, टाळू खोल गेली असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर त्याच दुपारी डॉक्टरांकडे न्यावे. संध्याकाळी ऊन उतरण्याची वाट पाहू नये. बर्फ किंवा गार पाणी लावू नये. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसावे. रिक्षात आईने बाळाला दुपट्यात न गुंडाळता पदराच्या सावलीत घ्यावे, आणि ते पीत असेल तर वाटभर पाजत राहावे.