मृगापासून वैशाखापर्यंत आमचं परडं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरामागे लहानसं परडं आहे. माती वीतभर, खाली जांभा. जून ते सप्टेंबरात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि एप्रिलात विहीर तळ दाखवायला लागते. त्यामुळे देशावरच्या मित्रांचं भाजीचं वेळापत्रक इथे चालत नाही. इथे आधी पाणी काढून द्यायचं असतं, मग तेच जपायचं.

मृगाच्या सरी लागल्या की वेलांचं बी टोकायचं. खोलगट आळी पावसाळ्यात उपयोगाची नाहीत, पाणी साचून मुळं कुजतात. शेणखत आणि चुलीतली राख घालून मातीचे उंचवटे करायचे आणि भोवती चर काढायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जातींपैकी दोडक्याची कोकण हरिता आणि कारल्याची कोकण तारा लावली. तवशाचं, म्हणजे मोठ्या गावठी काकडीचं, बी मात्र शेजारच्या काकींकडून आणलेलं. वेल चढायच्या आत मांडव उभा हवा. आषाढाच्या वाऱ्यात नंतर तो घालता येत नाही.

खरी गंमत फुलांपासून सुरू होते. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि घरात कुजबुज सुरू होते, वेल वांझ निघाला म्हणून. थांबायचं. मागे इवलंसं फळ असलेलं फूल दिसलं की ती मादी. झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि ही कोवळी फळं पिवळी पडून गळतात. काकी म्हणाल्या, "काकडी सकाळची, दोडका दिवेलागणीचा." म्हणजे काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. तेव्हापासून पावसाने उसंत दिली की मी संध्याकाळी छत्री घेऊन मांडवाखाली जातो, नर फूल तोडतो, पाकळ्या मागे दुमडतो आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवतो. येणारे-जाणारे हसतात. हसू देत, फळं धरली!

फळं धरली की फळमाशी येते. ती कोवळ्या फळात अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ वाकडं होऊन सडतं. यावर क्यू ल्युअरचा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढणाऱ्या आमिषाचा, सापळा टांगतो, त्यात त्या अडकतात. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काम कंटाळवाणं आहे: गळलेलं प्रत्येक फळ रोज उचलून खोल पुरायचं. जमिनीवर राहिलं तर अळ्या मातीत शिरतात आणि पुढची पिढी तिथूनच उठते. पडवळाच्या टोकाला दगड बांधायचा तो सरळ वाढावा म्हणून.

गणपतीपर्यंत परडं उतू जातं. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या श्रमाचं काही चालत नाही. आमच्याकडे अळू, माठ, दोडका, पडवळ सगळं मागच्या दारी मिळतं. तवशी जून करून वाशांना टांगली की पुढे तवसोळीची, म्हणजे तवशाच्या गोड केकची, सोय होते.

दसऱ्यानंतर वेल उपटून सपाट वाफे करतो. मुळा, लाल माठ, मेथी, वांगी आणि वाल. वालाला दव आणि जमिनीतली ओल बरीचशी पुरते, म्हणून तो विहिरीपासून लांब. फ्लॉवर-मटारच्या नादाला मी लागत नाही. आमच्याकडे त्यांच्याजोगी थंडी पडतच नाही.

फाल्गुनानंतर वाफे मोजकेच ठेवायचे. नारळाच्या विरळ सावलीत लाल माठ, उन्हात भेंडी आणि गवार. पाणी सूर्य मावळल्यावर, तेही बुंध्याशी. वर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाड थर. मोरीचं पाणी आधीपासूनच अळवाकडे आणि केळीकडे वळवलेलं आहे.

वैशाखात बियाणं काढून ठेवतो. दोडका वेलावरच वाळवलेला असतो, त्याच्या जाळीतून बी खडखडत बाहेर येतं. वालाच्या बियांना राख चोळतो. यंदा मृगाला चिबूड हे खरबुजासारखं फळही लावायचं आहे, गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, वरकस, हलक्या जमिनीत. वानरांनी ठेवलं तर.